चौघांचं काम

वारा डोंगराकडून वाहायला लागला की घेवड्याची फुलं गळायची. त्या वर्षी वारा लवकर फिरला. सकाळी ती वाफ्यात उतरली तेव्हा पानांवर दगडाची भुकटी बसलेली होती, आणि रात्रीच्या दवानं तिची खपली झाली होती. नखानं खरवडायला गेलं की खपलीबरोबर पानाची सालही निघायची. तिनं घरातून बादली आणली, नवऱ्याच्या जुन्या बनियनचा बोळा केला आणि एकेक पान पुसायला बसली. ओळ संपत आली तेवढ्यात वरच्या अंगाला खडीचं मशीन सुरू झालं. धाड धाड आवाज वाफ्यातल्या मातीतून पायांना जाणवायला लागला आणि पहिल्या झाडावर, जिथून तिनं सुरुवात केली होती तिथं, पुन्हा पांढरं बसायला लागलं.

"पानं पुसून पीक येतं होय?" नवरा कामावर निघता निघता कुंपणापाशी थांबला.

"मग तुम्ही सांगा मुकादमाला. फवारा चालू ठेवा म्हणावं. नळ्या घातलेल्या आहेत, टाकी बांधलेली आहे. नुसता कॉक फिरवायचा."

"मी सांगू?" तो हसला. हसताना त्याला खोकला आला आणि तो कुंपणाच्या खांबाला धरून वाकला. खोकला ओसरल्यावर त्यानं तोंड पुसलं. "टाकीला टँकर लागतो. आणि मशीनचा खडी वाहणारा पट्टा ओला झाला की भुकटी चिकटून बसते, माल कमी निघतो. मालकाचं नुकसान मालकालाच मी शिकवू?"

"आणि माझं नुकसान?"

"तुझी चार झाडं आहेत. त्याचा डोंगर आहे."

तो मशीनच्या तोंडाशी काम करायचा. डंपर वरून दगड ओतायचा, आणि एखादा दगड आडवा बसला की हा पहारीनं त्याला सरळ करून आत ढकलायचा. जागा उंचावर होती, वारा लागायचा, म्हणून ती बरी समजली जायची. खालच्या जाळीखाली काम करणारे लोक त्याच्याकडे मान वर करून बघायचे, आणि त्याच्याही चालण्यात ती उंची थोडी उतरली होती.

मुलगी चौथीत होती. शाळेच्या पटावर तिचं वेगळं नाव होतं, पण अंगानं लहान आणि सतत आपल्याहून मोठं काहीतरी उचलून चाललेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. घरी दोन हंडे आणायचे असले तर ती दोन्ही एकदम उचलायला बघायची.

त्या वर्षी मालकानं शाळेला टॅब दिले. चार मुलांत एक. तो स्वतः आला, थोडकं बोलला, जग आता बोटावर आलं आहे असं काहीतरी म्हणाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, सगळा वेळ हात जोडून उभे होते. टॅब कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकावी असा त्यांचा विचार होता. पण चौथीच्या बाई नव्या होत्या, तरुण होत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कपाट उघडायला लावलं.

बाईंनी वर्गाचे चार चारचे गट पाडले. हुशारांचा एक आणि ढ मुलांचा एक, असं नाही. मुंगीच्या गटात मुकादमाचा मुलगा आला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मुलगी आली, आणि एक घड्याळ आला. घड्याळ म्हणजे तो मुलगा ज्याला वाचायला फारसं येत नव्हतं, पण दर थोड्या वेळानं तो 'किती वाजले' असं विचारायचा.

पहिले काही दिवस नुसती भांडणं झाली. एका काचेवर आठ हात. मुकादमाचा मुलगा म्हणायचा, "माझ्या बाबांच्या मालकानं दिलाय." मुंगी म्हणायची, "तुला एकट्याला दिला का?" दुकानदाराच्या मुलीनं एकदा टॅब पोटाशी धरून मांडी घातली ती सुट्टी होईपर्यंत उठलीच नाही. मग बाईंनी ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा आणला आणि गटाच्या मधोमध ठेवला.

"ज्याच्या हातात गोटा त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. आणि कामं चार. एकानं टॅब धरायचा, एकानं लिहायचं, एकानं वेळ सांभाळायची, एकानं वर्गापुढे बोलायचं. रोज कामं बदलायची. काम चौघांचं, नाव गटाचं. मीच केलं, मी नाही केलं, हे शब्द मला ऐकायचे नाहीत."

घरी येऊन मुंगीनं हे सगळं साभिनय करून दाखवलं. एक बटाटा गोटा झाला. बाप जेवता जेवता बोलायला गेला तर ती म्हणाली, "बाबा, बटाटा तुमच्याकडे नाही." तो खरंच गप्प बसला. आईला हसू आवरेना.

बाईंनी प्रत्येक गटाला एक प्रश्न दिला. कुणाला पक्षी, कुणाला पाणी, कुणाला खेळ. मुंगीच्या गटाला त्यांनी हवा दिली. वर्गात टेबल पुसून पुसून त्या कंटाळल्या होत्या. शिकवता शिकवता त्यांना ठसका लागायचा आणि खडूचा की डोंगराचा हे कळायचं नाही. त्या म्हणाल्या, "नुसतं नाक मुरडून काही होत नाही. मोजा, बघा, लिहा." पुठ्ठ्यावर चिकटपट्टी उलटी लावायची, चिकट बाजू वर. दिवसभर ठेवायची, संध्याकाळी तिचा फोटो काढायचा. जितकी भुकटी जास्त तितकी पट्टी पांढरी. साधी गोष्ट होती.

चौघांनी पट्ट्या कुठं कुठं लावल्या. शाळेच्या खिडकीत, दुकानाच्या फळीवर, मुकादमाच्या ओसरीत, आणि मुंगीच्या आईच्या वाफ्यात. संध्याकाळी चौघं वाफ्यात यायची तेव्हा ती शेंगा तोडत असायची. एकानं टॅब धरलेला, एक वहीत लिहितोय, आणि घड्याळ कंबरेवर हात ठेवून सांगतोय, "उशीर झाला, आवरा."

"काकू, हे पान पुसलेलं आहे का?" मुकादमाच्या मुलानं विचारलं.

"सकाळी पुसलं होतं."

"अर्धं पुसून अर्धं तसंच ठेवाल? म्हणजे फोटोत कळेल."

तिनं एका पानाची डावी बाजू पुसली. डावी हिरवीगार, उजवी राखेसारखी. मुलानं वाकून फोटो काढला, मग मुंगीनं म्हटलं सावली आलीय, मग दुसरा काढला. दोघांची डोकी काचेवर टेकली होती. त्या मुलाच्या बापानं तिच्या नवऱ्याला कधी बसायला सांगितलं नव्हतं. इथं हा पोर तिच्या मुलीला विचारत होता, "बरोबर आला का गं?" आणि मुलगी म्हणत होती, "हलवलास तू. पुन्हा काढ."

तिनं चौघांना ओंजळ ओंजळ शेंगा दिल्या. पोरांनी धुवायच्या म्हणून शेंगा बादलीत बुडवल्या आणि बादलीचं पाणी दुधासारखं झालं. दुकानदाराची मुलगी म्हणाली, "याचापण काढूया." त्याचापण काढला.

एक दिवस पट्ट्या जवळजवळ स्वच्छ निघाल्या. मुलांना वाटलं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढऱ्या. मग मुंगीनं बापाला विचारलं.

"काल फवारा चालू होता," तो म्हणाला. "वरून साहेब बघायला येणार होते."

"मग आज?"

"आज साहेब नव्हते."

मुंगीनं ते गटात सांगितलं. लिहिण्याची पाळी दुकानदाराच्या मुलीची होती. तिनं सुंदर अक्षरात लिहिलं: फवारा चालू असला की पट्टी स्वच्छ राहते. फवारा एरवी बंद असतो. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गावाला ते माहीतच होतं. पाऊस वरून पडतो तसं.

बापाचा फोटो मुंगीनं काढला तो संध्याकाळी. टॅब त्या दिवशी तिच्याकडे घरी आला होता. तो दारात आला, पायताण काढायला वाकला आणि सरळ झाला तेवढ्यात तिनं काढला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कान पांढरे. फक्त ओठ आणि डोळे तेवढे माणसाचे होते.

आंघोळ करून आल्यावर तिनं त्याला तो दाखवला. त्यानं टॅब हातात घेतला नाही, हात पाठीमागे धरून बघितला.

"हे भूत कुणाचं?"

"तुम्ही आहात."

तो आणखी जवळ वाकला. त्याच्या घरात आरसा होता, पण तो आंघोळीनंतरचा होता. "मी असा येतो रोज?" त्यानं बायकोला विचारलं. ती चुलीशी होती. ती म्हणाली, "आज जरा कमी आहे."

"पुसून टाक तो," तो मुलीला म्हणाला.

"गटाला विचारावं लागेल. फोटो गटाचा असतो."

"तोंड माझं आहे."

मुंगीनं टॅब छातीशी धरला. ती रडवेली झाली. मग त्यालाच वाईट वाटलं. "असू दे," तो म्हणाला. "कोण ओळखणार आहे त्यात. मीच ओळखलं नाही." आणि त्यानं हसून खोकल्यासाठी तोंड फिरवलं.

शाळेत प्रदर्शन झालं त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. भिंतीवर पांढरी चादर ताणून लावली होती, खिडक्यांना गोणपाटं. पहिल्या रांगेत मालक, शेजारी मोठे गुरुजी, मागे मुकादम. मुंगीची आई बायकांत मागे बसली होती. नवरा पाळी टाकून येऊ शकत नव्हता, पण दुपारच्या सुट्टीत धावत आला आणि दारात उभा राहिला. अंग झटकलं होतं, पण झटकून किती निघणार.

पक्ष्यांचा गट झाला, पाण्याचा झाला. मग हवेचा आला. बोलण्याची पाळी त्या दिवशी मुकादमाच्या मुलाची होती. त्यानं केस पाणी लावून बसवले होते. टॅब मुंगीकडे होता, ती एकेक चित्र पुढे सरकवत होती. चादरीवर अर्धं हिरवं अर्धं राखाडी पान आलं, केवढं मोठं. बायका कुजबुजल्या. मुंगीच्या आईला आपलं पान ओळखू आलं आणि तिनं उगाच पदर सावरला. मग पट्ट्या आल्या, पांढरी, त्याहून पांढरी. मग बादलीतलं पाणी. मग दारात उभा असलेला पांढरा माणूस.

"हे आपल्या गावातले एक कामगार काका," मुकादमाचा मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला. "फवारा चालू असला की पट्टी स्वच्छ राहते. फवारा एरवी बंद असतो. म्हणून आमच्या गटाचं म्हणणं आहे की फवारा रोज चालू ठेवावा. धन्यवाद."

बाईंनी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. मग मालकानं टाळी वाजवली. एकट्यानं, सावकाश. मग सगळ्यांनी वाजवली.

"हुशार मुलं आहेत," मालक म्हणाला. चादरीवरच्या माणसाकडे बघत त्यानं गुरुजींना विचारलं, "हे कोण?"

गुरुजींनी दाराकडे बघितलं. मग पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथं तो उभा होता, आणि चादरीवरही तोच उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि लगेच परत आला. डबा तसाच भरलेला. ती वाफ्यात होती.

"काय झालं?"

"मुकादम म्हणाला, फाटकाबाहेर बस. बोलावतो." तो ओट्यावर बसला. "उन्हं चढेपर्यंत बसलो. आतले सगळे जाता येता बघत होते. मग बाहेर येऊन म्हणाला, मालक काही बोलले नाहीत, पण तू आता घरीच थांब, तुझ्या छातीला जपायला पाहिजे. सुंठेवाचून खोकला गेला म्हण. आणि हसला."

"त्याच्याच पोरानं वाचलं ना?"

"म्हणून तर. स्वतःच्या पोराला झाकायचं म्हणजे दुसऱ्याचं उघडं करावं लागतं."

तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला. मशीनचा आवाज थांबला की मान वर करायचा. "आता दगड आडवा बसलाय," म्हणायचा. "कुणाला तरी जमत नाहीये."

शाळेतून बोलावणं आलं ते पालकांना. नवरा गेला नाही. ती गेली. गुरुजींच्या खोलीत मुकादम खुर्चीवर होता, दुकानदार दुसऱ्या खुर्चीवर, घड्याळची आई भिंतीला टेकून. चार मुलं ओळीत उभी होती. बाई कपाटापाशी टॅबच्या वायरी गुंडाळत होत्या. वायरी गुंडाळून झाल्या होत्या, त्या पुन्हा सोडून गुंडाळत होत्या.

"मला कुणाला शिक्षा करायची नाही," गुरुजी म्हणाले. "फक्त समजून घ्यायचं आहे. ज्यांनी टॅब दिले त्यांच्यासमोर हे. फवाऱ्याचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

दुकानदारानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "मी फक्त अक्षर काढलं."

घड्याळ म्हणाला, "मी फक्त वेळ बघत होतो."

मुकादमाचा मुलगा खाली बघत होता. त्याचा कान लाल होता, एकच. बापानं घसा खाकरला. "मी फक्त वाचलं," मुलगा म्हणाला. "फवाऱ्याचं तिनं आणलं. तिच्या बाबांनी तिला सांगितलं."

मुंगी बाईंकडे बघत होती. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती. वर्गात उत्तर येत असलं की मूल हात वर करून बाईंचं लक्ष जाईपर्यंत थांबतं, तसं ती थांबली होती.

आईला ते बघवेना. "बाई," ती म्हणाली, "प्रश्न तर तुम्हीच दिलात ना पोरांना? पट्ट्याही तुम्हीच लावायला सांगितल्यात."

बाईंचे हात थांबले. "मी हवा हा विषय दिला होता," त्या वायरींकडे बघत म्हणाल्या. "फवारा मी म्हटलं नव्हतं."

हे खरं होतं. त्या शब्दांत काही खोटं नव्हतं. मुंगीनं मान खाली घातली.

बाहेर नळाशी बाई आईच्या मागोमाग आल्या. डोळे भरलेले होते. "ताई, माझं काम वर्षावर्षाचं आहे. उन्हाळ्यात पुन्हा सही व्हायची असते. गुरुजींनी नाही म्हटलं तर..."

"तुमचं वर्षाचं आहे," ती म्हणाली. "आमचं रोजचं आहे."

आणि ती मुलीचा हात धरून निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की तिनं हात फार घट्ट धरला आहे.

घरात तेल संपलं, मग डाळ. दुकानदार आता तिच्याशी बोलताना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. घेवडा तर गेलाच होता. राहिलेल्या शेंगा वाकड्या आणि डागाळलेल्या, बाजारात लोक हातात घेऊन परत ठेवायचे. शेवटी तीच नवऱ्याला म्हणाली, "चला. मालकाला भेटू. पाण्यात राहून माशाशी वैर आपल्याला परवडणार नाही."

"मी काय केलंय?"

"काही नाही. म्हणूनच चला. ज्यानं काही केलं असतं त्याला माफी मागायची लाज वाटली असती."

मालकाची खोली खडीच्या ढिगांच्या पलीकडे होती, काचेच्या दारामागे. आत थंड होतं, आणि नखाएवढीही धूळ नव्हती. मालकानं खुर्च्या दाखवल्या. ती बसली. नवरा उभाच राहिला. खुर्चीचं कापड फिकट होतं आणि त्याला आपल्या विजारीचा भरवसा नव्हता. मुंगी त्याच्या मागे.

"मला राग आलेला नाही," मालक म्हणाला. खरंच त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "लहान मुलांवर कसला राग? पण लेकी बोले सुने लागे, एवढं मलाही कळतं. तुम्हाला काही सांगायचं होतं तर माझं दार उघडं आहे. पोरीच्या तोंडून कशाला?"

"चुकलं," नवरा म्हणाला.

"आता एक सांगा. आपल्याकडे फवारा आहे की नाही?"

"आहे."

"चांगला चालतो की नाही?"

"चालवला की चालतो."

मालकानं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. तिनं नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. "चालतो," तो म्हणाला. "चांगला चालतो."

"मग तेवढंच मुलांनी सांगायचं. अर्धवट माहिती दिली, ती पूर्ण करायची. टॅबवर त्याचा व्हिडिओ काढू, शाळांची स्पर्धा आहे वर, तिथं पाठवू. शाळेचंही नाव होईल. त्याच चार मुलांनी करायचं, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही." मग कागद चाळत, दुसरं काही बघत असल्यासारखा तो म्हणाला, "उद्यापासून ये. वरची जागा मात्र भरली. खाली जाळीपाशी बघ."

जाळीखाली म्हणजे जिथं भुकटी पडते तिथं. फावड्यानं ओढायची आणि बाजूला टाकायची. दिवसभर.

"बरं," नवरा म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी टँकर आले. आदल्या संध्याकाळी मुकादमानं दोन माणसं नळी घेऊन वाफ्यात पाठवली होती. तिनं महिनाभर बोळ्यानं जे केलं ते त्यांनी चहा थंड व्हायच्या आत केलं. पानं अशी हिरवी निघाली की ती बघतच राहिली. एक क्षण तिला नुसता आनंद झाला, झाडाचा, बाकी कशाचा नाही. मग तिला स्वतःचीच शरम वाटली आणि ती घरात गेली.

कॉक फिरवला. नळ्यांनी फुसफुस केली, थुंकल्या, आणि मग पट्ट्यावर, जाळीवर, रस्त्यावर बारीक पाणी पसरलं. मशीन धावत होतं आणि भुकटी उडत नव्हती. कामगार थांबून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "एवढंच होतं होय?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

चौघं वाफ्याच्या कडेला उभी राहिली, मागे पाणी आणि मशीन. बाईंनी टॅब धरला होता. चारही वाक्यं गुरुजींनी लिहून दिली होती, प्रत्येकाला एक. दुकानदाराची मुलगी बोलली, आमच्या गावात खडीचा कारखाना आहे. घड्याळ बोलला, तिथं हवेची काळजी घेतली जाते. मुकादमाच्या मुलाकडे तिसरं वाक्य होतं.

"तिथला फवारा..." तो म्हणाला आणि थांबला.

"फवारा रोज चालू असतो," बाई हळूच म्हणाल्या.

"तिथला फवारा रो..."

पुन्हा. पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराची मुलगी बोलली, घड्याळ बोलला, आणि त्याच शब्दापाशी तो मुलगा अडकला. ज्या पोरानं भरल्या खोलीत खणखणीत वाचलं होतं त्याला एक 'रोज' म्हणता येत नव्हतं. मुकादम पुढे आला. "काय झालं रे? वाचा गेली का?" त्याचा हात उचललेला होता. मुलानं डोळे मिटून घेतले. टाकीतलं पाणी उतरत चाललं होतं आणि गुरुजी सारखं तिकडे बघत होते.

मग मुंगी आपली जागा सोडून त्याच्याकडे गेली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिनं त्याची बाही धरली.

"बाईंकडे बघू नको," ती म्हणाली. "पाण्याकडेपण बघू नको. माझ्याकडे बघ. मी ओठ हलवते, तू नुसता आवाज काढ. अर्थ मनात आणायचा नाही."

ती त्याच्यासमोर, टॅबमध्ये दिसणार नाही अशी, वाफ्यात उतरून उभी राहिली. बाईंनी पुन्हा सुरू केलं. त्याची पाळी आली तेव्हा तिनं ओठ हलवले, आणि तिच्या ओठांवर डोळे ठेवून त्यानं ते वाक्य सरळ, न अडखळता म्हटलं. मग ती चटकन वर चढली, आपल्या जागी आली, टॅबकडे बघून हसली आणि चौथं वाक्य बोलली. "म्हणून आमचा गट मालकांचे आभार मानतो." एका दमात.

"याला म्हणतात गट," मोठे गुरुजी म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. बाई टॅबमध्ये काहीतरी शोधत असल्यासारख्या खाली बघत राहिल्या. मुकादमाचा मुलगा कुंपणाआड जाऊन ओकला.

मुकादमानं कॉक बंद केला. टँकर गेले. नवरा तोंडाला फडकं बांधून जाळीखाली उतरला, आणि फावड्याचा आवाज यायला लागला.

ती शेंगा तोडत होती. मुंगी तिच्यामागून पाटी धरून येत होती.

"तो ओकला," मुंगी म्हणाली. "त्याला अजून येत नाही."

"काय येत नाही?"

"असं बोलायला. मला पहिल्याच वेळी आलं. बाईंनी माझं पुन्हा काढलंच नाही."

आईनं वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं. रडू दिसेल असं तिला वाटलं होतं, निदान राग. पण चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले की मुंगी जशी दिसायची तशीच ती दिसत होती, जराशी ऐटीत.

"पाटी भरली," आई म्हणाली. "तू हो पुढं."

मुंगीनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती घराकडे निघाली. आई वाफ्यातच राहिली. मुलीला आपलं तोंड दिसणार नाही इतकी ती लांब जाईपर्यंत, तिच्याकडे पाठ करून, घेवड्याच्या काठीला धरून.